‘नीतिमान होणे’ आणि ‘नीतिमान ठरणे’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांत नुकतेच एका वाचकाने लिहिले होते की, ख्रिस्ती धर्मात विश्वास ठेवला की तारण, म्हणजे पापापासून सुटका, मिळते, मग माणसाच्या वागण्याला काही किंमतच उरत नाही. तलाव खोदणाऱ्या सिद्धरामेश्वरांना कर्मयोगी म्हणून पूजणाऱ्या सोलापुरात असा प्रश्न पडावा, हे मी समजू शकतो. मात्र हा समज चुकीचा आहे आणि आमच्याच काही प्रवचनांमुळे त्याला खतपाणी मिळते, म्हणून हे पत्र.

घोटाळा बराचसा ‘नीतिमान’ या शब्दापाशी होतो. एरवी आपण सदाचरणी माणसाला नीतिमान म्हणतो. येशूचा प्रेषित पौल याच्या, बायबलमधील रोमकरांस पत्राच्या मराठी भाषांतरात मात्र मनुष्य विश्वासाने नीतिमान ‘ठरतो’, ‘होतो’ असे नाही. मूळ ग्रीक क्रियापद न्यायनिवाड्याच्या भाषेतले आहे आणि ‘ठरणे’ या शब्दाने तो अर्थ मराठीत नेमका उतरला आहे. समोरचा माणूस दोषी आहे हे न्यायाधीशाला ठाऊक आहे, तरीही त्याचा दोष ख्रिस्ताने वधस्तंभावर स्वतःवर घेतल्यामुळे निकाल त्याच्या बाजूने लागतो. विश्वास म्हणजे तो निकाल रिकाम्या हातांनी स्वीकारणे. विश्वास ही त्या निकालाची किंमत नव्हे, हे आम्हीसुद्धा पुष्कळदा विसरतो.

त्याच पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल मजुरीचा दाखला देतो: काम करणाऱ्याला मिळते ती मजुरी, तिच्यावर त्याचा हक्क असतो, ती कृपा नव्हे. माझी आई विड्या वळत असे. मजुरी हजारावर मिळे आणि खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे मिळत नसत. मोजणीच्या वेळी तिच्या चेहऱ्यावर दिसणारी धास्ती मला अजून आठवते. देवापुढेही अशीच मोजणी असती, तर प्रार्थना, उपवास आणि दानधर्म करूनही आपले किती बाजूला काढले जाईल, या भीतीतच माणसाचा जन्म गेला असता. बायबलमधला आद्य पूर्वज अब्राहाम याचा विश्वास नीतिमत्त्व असा गणला गेला तो त्याची सुंता, म्हणजे देवाशी झालेल्या कराराची खूण म्हणून केलेला विधी, होण्याआधीच, हे पौल मुद्दाम दाखवून देतो.

मग बायबलमधल्याच याकोबाच्या पत्राचे काय? माणूस केवळ विश्वासाने नव्हे, तर क्रियांनी नीतिमान ठरतो, असे तो स्पष्ट लिहितो आणि दाखला त्याच अब्राहामाचा देतो. सोळाव्या शतकातील जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर याला हे पत्र फारसे रुचले नव्हते. परंतु याकोब बोलतो आहे ते उपाशी, उघड्या भावंडांना ‘सुखाने जा’ म्हणून रिकाम्या हातांनी परत पाठवणाऱ्यांशी. नुसते देव एक आहे असे मानणे तर भुतांनाही जमते, असे तो म्हणतो. तारण कमावता येते, असे पौल नाकारतो. निष्क्रिय विश्वासाला विश्वास म्हणणे याकोब नाकारतो. माणूस नीतिमान कशाने ठरतो, या ज्या वादावरून ल्यूथरच्या काळी चर्च दुभंगले, त्यावर लूथरन जागतिक महासंघ आणि कॅथलिक चर्च यांनी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. कृपेने स्वीकारलेला माणूस सत्कर्मांसाठी बोलावलेला असतो, ही भूमिका त्यात दोघांनीही मान्य केली आहे.

आमच्या प्रवचनकारांना माझी कळकळीची विनंती आहे. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातील आठवे आणि नववे वचन, म्हणजे तारण कृपेने आहे, कर्मांनी नाही, हे आपण मोठ्या आवाजात वाचता आणि तेथेच थांबता. आपण सत्कर्मे करण्यासाठी निर्माण झालो आहोत, हे सांगणारे दहावे वचनही त्याच दमात वाचावे.

आपला,
एक वाचक, सोलापूर