खाडी आडवी आली की रस्ता आपला

दापोली,
मार्गशीर्षातली एक गार सकाळ

प्रिय बंड्या,

तुझं पत्र पोचलं. म्हणजे तो साडेचार मिनिटांचा व्हॉइस मेसेज. मी त्याला पत्रच समजतो, कारण त्यात तुझ्या खोकल्यासकट सगळं होतं. उत्तर मात्र कागदावर लिहितोय. बोलायला गेलो की तू मधेच तोडतोस, आणि आज मला तोडू द्यायचं नाहीये.

बायपासवर टेंपोच्या आरशाने तुझं कोपर सोलून काढलं आणि वहिनींनी ती नवी कोरी सायकल गॅलरीत तुळशीशेजारी उभी करून टाकली, हे ऐकून आधी वाईट वाटलं आणि मग हसू आलं. रागावू नकोस. लक्ष्मी रोडवरून डबलसीट जाताना कोपऱ्यावर पोलीस दिसला की मागच्या मागे उडी मारून साळसूदपणे पायी चालणारा तूच ना? पुणं सायकलींचं शहर होतं तेव्हाची आपली मस्ती ती. आता तू विचारतोस, ‘गाड्या नसलेला रस्ता कुठे उरलाय का रे?’

उरलाय. माझ्या दारातच आहे. पण तो का उरलाय ते आधी ऐक.

कोकणात रस्ता किनाऱ्याकिनाऱ्याने निघाला की दर थोड्या वेळाने त्याला खाडी आडवी येते. राजपुरीची खाडी, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री. तिथे पूल नाही, गाड्या नेणारी फेरीबोट आहे. आम्ही तिला जंगलजेट्टी म्हणतो. हे नाव कुठून आलं ते कुणाला विचारू नकोस, दोन माणसं तीन गोष्टी सांगतील. आता ज्याला मुंबईहून गोव्याला घाईने जायचंय, तो कशाला चार वेळा बोटीची वाट बघेल? तो आतल्या महामार्गाने जातो. तिथे २०११ पासून रुंदीकरण चाललंय, तरी त्याला तोच रस्ता बरा वाटतो. ट्रक, कंटेनर, लक्झरी, सगळं तिकडे. इकडे राहतात गावातल्या रिक्षा, मासळीचे टेंपो, लाल एसटी आणि आपल्यासारखे रिकामटेकडे. हे रस्ते कुणी मुद्दाम शांत ठेवलेले नाहीत. खाड्यांनी ठेवलेत.

त्यातली खरी मेख मला दोन-तीन फेऱ्यांनंतर कळली. ती तुला फुकट देतो. बोट धक्क्याला लागली की आठ-दहा गाड्या एकदम सुटतात, पुढे जायची चढाओढ लागते. तू सुटू नकोस. टपरीवर चहा घे, ट्यूब दाबून बघ, चपला काढून बस. दहा मिनिटांत धूळ खाली बसते आणि पुढची बोट येईपर्यंत रस्ता तुझा. पाऊण तास, कधी तास. मी एकदा घड्याळ लावून बसलो होतो. राजपुरीच्या खाडीपलीकडे दिघी आहे, तिथून निघाल्यावर मला आधी एक म्हैस भेटली, मग डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेल्या दोन बायका, आणि मग पहिली मोटारसायकल.

तर सुरुवात दिघीपासूनच करायची. अलिबाग–काशीद पट्टा तुझ्या नशिबी नको, शनिवार-रविवारी तिथे सगळी मुंबई उतरते. तू एसटीने मुरूड-जंजिऱ्याला ये, आगरदांड्याला बोटीत चढ, पलीकडे मी उभा असेन. मग बोर्लीवरून दिवेआगर. तिथल्या सुपारीच्या वाड्या बघून तुला वाटेल, हे असंच असणार वर्षानुवर्षं. तसं नाही. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ याच किनाऱ्यावर चढलं, तेव्हा या वाड्या काड्यापेटीतल्या काड्यांसारख्या आडव्या झाल्या होत्या. पोफळ उभी राहून उत्पन्न द्यायला वर्षं लागतात. अजूनही मधेमधे आकाशाची भोकं दिसतात. आगरातल्या म्हाताऱ्यांना ती जास्त दिसतात, कारण तिथे काय होतं ते त्यांना आठवतं.

दिवेआगरपासून श्रीवर्धनपर्यंतचे वीसेक किलोमीटर मात्र एका दमात संपवू नकोस, नाहीतर मैत्री तोडीन. भरडखोल, शेखाडी, आरावी. उजव्या हाताला समुद्र इतका जवळ की ओहोटीला शेवाळाचा वास नाकात येतो, डाव्या हाताला डोंगर. शेखाडीच्या आसपास रस्ता कड्याच्या कमरेवरून जातो. तिथे सकाळी सात वाजता मला फक्त माझ्या चेनचा आवाज येत होता, आणि त्यात एक खट् खट् होती. शहरात ती महिनाभर ऐकू आली नसती. थांबून बघितलं तर एक कडी वाकलेली. शांततेचा असाही उपयोग.

श्रीवर्धन पेशव्यांचं मूळ गाव, हे तुला सांगायला नको. तिथून हरिहरेश्वर, बागमांडला, आणि सावित्रीवरची बोट. ही नाही मिळाली तर आंबेत–म्हाप्रळच्या पुलावरून लांबलचक वळसा. पलीकडे वेश्वी, मग बाणकोट. खाडीच्या कडेकडेने जाणारा तो तुकडा संध्याकाळच्या उन्हात बघ. पुढे वेळास, नाना फडणविसांचं गाव, आणि कासवांचं. ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्रात सोडतात, तेव्हा गर्दी असते. आपण त्याच्या आधी जाऊ.

आता कष्टाचं सांगतो. सपाट रस्ता आहे असं समजून येऊ नकोस. दर गावाहून निघालं की घाटी चढायची, वर कातळाचा सडा, म्हणजे उघडं पठार, सड्यावरून दोन-चार किलोमीटर, की पुन्हा उतार आणि पुढचं गाव. चढ शे-दीडशे मीटरचेच, पण उभे. आणि ते संपतच नाहीत रे! सिंहगड एकदा चढलास की चढलास, इथे दिवसातून सहा वेळा पाव-पाव सिंहगड. तुझ्या त्या कार्बनच्या घोड्याचं मागचं मोठं चक्र किती दात्यांचं आहे ते मोज. चौतीसच्या खाली असेल तर बदलून घे, आणि ते दोरीसारखे पंचवीस मिलीमीटरचे टायर घरी ठेव. बत्तीस तरी हवेत, हवाही जरा कमीच. इथे डांबराच्या कडेला जांभ्या दगडाचे तुकडे विखुरलेले असतात, ब्लेडसारखे.

हे मी अनुभवाने बोलतोय. गेल्या माघात केळशीहून आंजर्ल्याला येत होतो. भारजा नदीच्या खाडीपायी आतून वळसा घालून केळशी गाठायची, मग उटंबर, आडे, पाडले. हा माझ्या मते अख्ख्या किनाऱ्यावरचा सगळ्यात निवांत तुकडा. आडे सोडलं आणि चिऱ्याच्या कपरीने टायर बाजूने चिरला, बोटभर. ट्यूब फुग्यासारखी बाहेर आली आणि फुटली. दुसरी ट्यूब होती, पण चिरलेल्या टायरात ती किती टिकणार? पाऊण तास कुणीही आलं नाही. शांत रस्त्याची ही दुसरी बाजू पण लिहून ठेव. शेवटी होडी वाळूवर ओढून ठेवून घरी निघालेला एक खलाशी आला. त्याने काही न बोलता होडीतून ट्रकच्या जुन्या ट्यूबचा तुकडा आणला, कोयत्याने कापला आणि टायरच्या आतून लावला. मग माझ्या पंपाचं वायसर गेलेलं निघालं. तो जोरात हसला. गावातून मोटारसायकलवाला पंप घेऊन आला, त्याच्याबरोबर चार पोरं तमाशा बघायला. खलाशी पैसे घेईना. म्हणाला, ‘उद्या माझी होडी तुमच्या दारात फुटली तर?’ माझ्या दारापासून समुद्र आठ किलोमीटर आहे. मी मान डोलावली.

तो तुकडा अजून त्याच टायरात आहे.

वाऱ्याचंही ऐकून ठेव. थंडीत सकाळी मतलई वारा जमिनीकडून येतो, मऊ असतो. दुपारी बारानंतर समुद्राकडून खारा वारा सुटतो आणि तो वायव्येकडून. म्हणून आपण उत्तरेकडून दक्षिणेकडे यायचं, म्हणजे दुपारी वारा पाठीत बसतो आणि शहाणपण आपलं ठरतं. उलट गेलास तर सड्यावर उतारालाही पॅडल मारावं लागेल. आणि दोन ते चार ही वेळ वाया घालवू नकोस. तेव्हा अख्खं कोकण झोपलेलं असतं. एसटीचा ड्रायव्हरसुद्धा हॉर्न हळू वाजवतो.

आंजर्ल्यानंतर हर्णै आणि मग वर चढून माझं घर, तीन रात्रींनी. तिथे घावणे, सोलकढी आणि तुझ्या वहिनीचे टोमणे तयार असतील. पुढे जमलं तर दाभोळ–धोपावे बोट, गुहागर, हेदवी, तवसाळ, जयगड. पण जयगडनंतर बंदराचे ट्रक लागतात आणि आरे-वारेला सेल्फीवाले. ते तू नंतर कधीतरी एकटा कर, मी येणार नाही.

एक गोष्ट मनात घोळते, ती सांगतो. वेश्वीच्या धक्क्यावर उभा राहिलास की खाडीत अर्धवट राहिलेल्या पुलाचे खांब दिसतात. सगळ्या खाड्यांवर पूल होणार असं इथे रोज बोलतात. मी एकदा तिथे बोटीची वाट बघताना मोठ्या उत्साहाने म्हणालो, ‘पूल नको व्हायला, शांतता जाईल.’ शेजारी मासळीची पाटी घेऊन बसलेली बाई माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, ‘भाऊ, माझ्या सुनेला रात्री कळा लागल्या तेव्हा बोट बंद झालेली. तुमची सायकल काय, पुलावरून पण चालंल.’ मला बोलायला काही सुचलं नाही. बोट आली, तिने पाटी उचलली, मी सायकल. दाभोळचा वळसा तर शंभर किलोमीटरच्या वर जातो. रुग्णवाहिकेत बसून तो कसा लागत असेल? तेव्हापासून मी पुलाबद्दल कुठे तोंड उघडत नाही. पण सायकल मात्र आधीपेक्षा जास्त वेळा बाहेर काढतो, हे कबूल करतो.

तर पौषातले मधले चार दिवस ठरव, सोमवार ते गुरुवार. वहिनींना सांग, रस्त्यावर टेंपो नाहीत, म्हशी आहेत. त्या आरसे लावून हिंडत नाहीत. कोपर बरं झालं नसेल तरी ये, चढावर ढकलायला मी आहे, तेव्हाही तू मागेच बसायचास.

तुझाच,
दाद्या

ता. क. : पंप तुझा आण. वायसर मी अजून बदललेलं नाही.