सायकली घेऊन डिचोलीला निघालात तर

म्युन्स्टर, जर्मनी
कोजागिरी पौर्णिमा

चि. निखिल आणि चि. राणी,

अनेक आशीर्वाद. ती. आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

त्रिपुरारीला मावशीकडे डिचोलीला जायचं, तेही गाडीला सायकली लावून, हा तुमचा बेत मला मनापासून आवडला. फक्त एक ऐका. सायकली समुद्रावर नेऊ नका. ओली वाळू चेनमध्ये शिरली की दोन दिवसांत करकर सुरू होते, आणि किनाऱ्याच्या रस्त्यांवर भाड्याच्या गाड्यांची गर्दी असते ती वेगळीच. डिचोली, मये, नार्वे, तिथून फेरीबोटीने दिवाडी बेट आणि पलीकडे जुने गोवे, ही वाट धरा. जाऊन-येऊन पस्तीसेक किलोमीटर होतील. राणीला ते सहज जमेल.

निखिल, डिकीवरचा पट्ट्यांचा रॅक घेतला आहेस, तर हुक पत्र्याच्या कडेलाच अडकव. प्लास्टिकच्या स्पॉयलरला किंवा काचेच्या कडेला लावलास तर एखाद्या खड्ड्यात ते तडकतं, वरचा पट्टा सैल पडतो आणि रॅक मागे कलंडतो. जड सायकल आधी, गाडीला लागून, चेन बाहेरच्या बाजूला. दुसरी तिच्या उलट तोंडाने, म्हणजे हँडल एकमेकांत अडकत नाहीत. पुढची चाकं वाऱ्याने फिरत राहतात, ती फ्रेमला बांधून टाक. पट्ट्यांची उरलेली टोकंही गुंडाळून बांध, नाहीतर ती फडफडून रंग घासतात. खालचं चाक सायलेन्सरच्या तोंडासमोर येत नाही ना, ते वाकून बघ. परतीला आंबोली चढताना तिथून जी गरम हवा येते तिने टायर करपतो. नंबरप्लेट आणि मागचे दिवे झाकले गेले तर दंड होतोच, पण त्याहून वाईट म्हणजे घाटातल्या धुक्यात मागच्याला तुमचा ब्रेक दिसत नाही. निघाल्यावर वीसेक किलोमीटरवर थांबून सगळे पट्टे एकदा पुन्हा ओढा. नवे पट्टे पहिल्या तासात हमखास सैलावतात.

पेडल मात्र घरीच काढा. ते आडवं बाहेर येतं आणि डिकीच्या पत्र्यात खळगा पाडतं. १५ नंबरचा पाना लागतो. इथे बहुतेकांची चूक होते: डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. नेहमीसारखं डावीकडे फिरवत राहिलात तर ते आणखी घट्ट बसतं, आणि जोर लावला तर क्रँकचे, म्हणजे पेडल ज्या दांड्याला बसतं त्याचे, आटे जातात. पाना पेडलवर उभा धरा आणि वरचं टोक मागच्या चाकाकडे ओढा. दोन्ही बाजूंची पेडलं अशीच सुटतात. परत लावताना आट्यांना बोटभर ग्रीस, आणि पहिले तीन-चार फेरे हातानेच. हाताने फिरत नसेल तर पेडल तिरकं लागलंय, काढून पुन्हा लावा. पेडलांवर डावं-उजवं, म्हणजे एल आणि आर, कोरलेलं असतं.

रस्ता कोल्हापूरहून गडहिंग्लज, आजरा, आंबोली, सावंतवाडी. बांद्याहून म्हापशाकडे न जाता दोडामार्गाला वळा, तिथून डिचोली गाठता येते आणि हायवेची धावपळ टळते. आंबोली उतरताना दुसरा-तिसरा गिअर ठेवा, ब्रेकवर पाय दाबून बसू नका. मागे सायकली आहेत म्हणून स्पीडब्रेकर अगदी सावकाश. बाकी वाट तुमच्या ओळखीची आहे.

डिचोलीतून सकाळी साडेसहाला निघा. नोव्हेंबरात तेव्हा नुकतं उजाडलेलं असतं आणि बाजाराच्या अरुंद रस्त्यावर मालाच्या गाड्या उभ्या राहिलेल्या नसतात. हा खनिजाचा मुलूख, कडेला लाल बारीक खडी साचते. ट्रकला वाट देताना तिच्यावर अचानक चाक वळवलं की ते घसरतं; आधी वेग कमी करा, मग सरळ रेषेत खाली उतरा. हवा निघण्याआधी भरा: राणीच्या जाड टायरात ३५ ते ४० पीएसआय (पंपाच्या काट्यावर दिसणारा हवेचा दाब), निखिलच्या हायब्रिड सायकलच्या बारीक टायरात ६० च्या आसपास, मागच्या चाकात थोडी जास्त. हवा कमी असेल तर खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिमखाली चेपते आणि तिला शेजारीशेजारी दोन चिरा पडतात. एकच बारीक भोक असेल तर काटा समजा. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून तो काटा शोधा. तो राहिला तर शंभर मीटरवर पुन्हा पंक्चर. आणि दोघांच्या व्हॉल्वची जात वेगळी आहे. पंप दोन्हींना बसतो का ते कोल्हापुरातच बघून घ्या, पेट्रोल पंपावरची हवा बारीक व्हॉल्वला चालत नाही.

चढावर राणीला पुढे ठेव, निखिल. मागच्याने पुढच्याची गती धरावी, म्हणजे कुणाचीच दमछाक होत नाही.

मये तळ्यानंतर नार्वे. सप्तकोटेश्वराचं दर्शन घाईत उरकू नका. गोव्यावर राज्य केलेल्या कदंब राजांचं हे कुलदैवत. मूळ देऊळ दिवाडी बेटावर होतं. पोर्तुगीजांनी ते पाडल्यावर लिंग नदीच्या या काठाला आलं, आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी इथल्या देवळाचा जीर्णोद्धार करायला सांगितलं. दारावरचा शिलालेख उभं राहून वाचा. बाबांसाठी त्याचा फोटो काढा, त्यांना किती आनंद होईल!

मग फेरीबोट. धक्क्याचा उतार भरतीच्या पाण्याने रोज भिजतो, त्यावर हिरवं शेवाळ धरतं आणि बोटीची लोखंडी फळी ओली असते. तिथे सायकलवर बसून जायचं नाही. उतरा, सायकल अशी धरा की ती पडली तरी पायावर येणार नाही, आणि पुढचा ब्रेक हलका दाबत चालत जा. ओहोटीला उतार जास्त असतो. आधी मोटारी आणि स्कूटर जाऊ द्या. परतीची वेळ चढतानाच विचारून घ्या.

दिवाडीवर खाजणातून, म्हणजे बांध घालून राखलेल्या खाऱ्या सखल शेतांतून, जाणारा रस्ता सपाट आहे, दोन्हीकडे पाणी आणि बगळे. पिएदादच्या चर्चची टेकडी मात्र चांगलीच उभी आहे. चेन पुढे लहान चक्रावर चढ सुरू होण्याआधीच घ्या. जोर लावलेला असताना गिअर बदलला की चेन उतरते. वरून मांडवी दिसते. पलीकडच्या फेरीने जुने गोवे, व्हाइसरॉयच्या कमानीखालून आत. तिथे जेवायला थांबू नका, दहाच्या आत उलटे फिरा, कारण नंतर उन्हात मयेचा चढ जड जातो. माणशी दोन लिटर पाणी, मीठ-साखर घातलेलं.

संध्याकाळी चेन कोरड्या फडक्याने पुसा, प्रत्येक कडीच्या गोल भागावर एक थेंब तेल, पाच मिनिटांनी वरचं सगळं पुसून टाका. वर राहिलेल्या तेलाला लाल धूळ चिकटते. त्रिपुरारीच्या रात्री सांखळीला विठ्ठलापूरला वाळवंटी नदीत सजवलेल्या होड्या सोडतात, तिकडे मावशीला घेऊन गाडीनेच जा.

मावशीला आजऱ्याचा घनसाळ तांदूळ आवडतो, जाताना पाच किलो घ्या. पण रॅक लावल्यावर डिकी उघडत नाही. तेव्हा पाने, पंप, ट्यूब आणि तांदूळ, सगळं मागच्या सीटवर.

तुमची,
ताई