नाकाचे ऑपरेशन आणि परतीचे तिकीट

मा. संपादक,

दक्षिण कोरियाच्या राजधानीला, सोलला, जाऊन नाक नीट करून घेण्याची जी पॅकेजे विकली जातात, त्यांत मुक्काम अनेकदा सात दिवसांचा धरलेला असतो. तिथल्या सर्जनांच्या हाताबद्दल वाद नाही. हिशेब चुकतो तो दिवसांचा.

पहिला दिवस तपासण्यांत जातो, दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया. नाकात पॅकिंग, म्हणजे रक्त थांबवायचा बोळा, भरले असेल तर ते एक-तीन दिवसांत निघते. नाकावरचा स्प्लिंट, म्हणजे आधाराची कडक पट्टी, आणि नाकपुड्यांमधल्या दांडीवरचे टाके शस्त्रक्रियेनंतर पाचव्या ते सातव्या दिवशी. चेहरा, पापण्या किंवा नाकाच्या शस्त्रक्रियेनंतर सात ते दहा दिवस विमानप्रवास टाळा, असे ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा सांगते. आतल्या खपल्या सुटतात त्या याच सुमारास, आणि विमानातली हवा कोरडी. तिथे घोळणा फुटला तर नाक चिमटीत धरून बसण्यापलीकडे फारसे काही करता येत नाही. म्हणून मुक्काम चौदा दिवसांचा आणि तिकीट तारीख बदलता येणारे हवे.

नाकाच्या पडद्यात रक्त साकळले, तर नाक दोन्ही बाजूंनी चोंदते आणि ठणका वाढत जातो. ते त्याच दिवशी काढावे लागते. तीन-चार दिवस राहिले तर कूर्चा, म्हणजे नाकातले मऊ हाड, मरते आणि नाक मध्ये खोगिरासारखे खचते. 'सूज आहे, उतरेल' हे दुभाषाचे चॅटवरचे उत्तर अशा वेळी ऐकू नये. थेट क्लिनिक गाठावे.

आता पाटीकडे पाहा. कोरियात परवानाधारक कोणताही डॉक्टर सौंदर्यशस्त्रक्रिया करू शकतो. तज्ज्ञाच्या क्लिनिकच्या नावातच 'संगह्यंग वेग्वा', म्हणजे प्लास्टिक सर्जरी, हे शब्द असतात. तज्ज्ञ नसेल तर नाव नुसते 'अमुक उइवन', म्हणजे दवाखाना, मग बारीक अक्षरांत 'जिल्लो ग्वामोक', म्हणजे उपचारविषय, आणि त्यानंतर प्लास्टिक सर्जरी. इंग्रजी वेबसाइटवर हा फरक दिसेलच असे नाही. कोरियन पाटीचा फोटो मागवावा.

सल्ला एका सर्जनने द्यायचा आणि भूल चढल्यावर चाकू दुसऱ्याने धरायचा, याला तिथे 'भुताची शस्त्रक्रिया' म्हणतात. २०१६ मध्ये जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतर एका तरुणाचा मृत्यू झाला, त्यातून या प्रकाराची मोठी चर्चा झाली. २५ सप्टेंबर २०२३ पासून रुग्ण बेशुद्ध असतो अशा शस्त्रक्रियागृहांत सीसीटीव्ही सक्तीचा आहे. मात्र चित्रीकरण रुग्णाने किंवा नातेवाइकाने मागितले तरच होते आणि किमान तीस दिवसच ठेवावे लागते. ही मागणी शस्त्रक्रियेआधी, लेखी करावी. तक्रार करायची झाली तर तीही त्या तीस दिवसांच्या आतच.

पूर्व आशियात नाकाचा कणा उंचावायला सिलिकॉन सर्रास वापरतात. त्यात जंतुसंसर्ग वर्षांनंतरही होऊ शकतो. शेंड्यावरची त्वचा लाल, चकचकीत आणि पातळ दिसू लागली, तर सिलिकॉन बाहेर येण्याच्या बेतात आहे असे समजावे. प्रवासविमा अशा गुंतागुंतीचा खर्च बहुतेक वेळा देत नाही.

शेंड्याची सूज पुरती उतरायला वर्ष लागते, त्वचा जाड असेल तर अधिकच. दुरुस्ती सहसा त्यानंतरच आणि बहुधा इथल्याच सर्जनकडे. त्याला इंग्रजीतली ऑपरेशन नोट, भुलीचा कागद आणि इम्प्लांटचा स्टिकर लागतो. नाक घडवायला कूर्चा पडद्यातून घेतली, कानातून की बरगडीतून, हेही त्यात हवे. एकदा काढलेली कूर्चा कागदावर नसेल, तर तो सर्जन रिकामी जागाच उघडून बसतो.

– प्लास्टिक सर्जरीच्या क्षेत्रातील दोघे, पुणे