प्रभारी मुख्याध्यापकांचा भार हलका करा

माननीय संपादक,
स. न.

सीमाभागातल्या सरकारी मराठी शाळांच्या घटत्या पटसंख्येवर आपल्या दैनिकात वरचेवर लिहून येतं. तिथं शिकवणाऱ्यांच्या मनःस्थितीबद्दल मात्र कुणी बोलत नाही. कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात हयात शिकवण्यात गेली. शिक्षकाची उमेद टिकते की खचते, हे बऱ्याच अंशी हेडमास्तरांवर ठरतं, असं मी खात्रीनं सांगते.

परिपत्रकं येतात कन्नडमधून. एका शाळेत आमचे हेडमास्तर प्रार्थनेआधी परिपत्रक वाचून, 'आपल्याला यातलं एवढंच करायचंय,' असं मराठीत सांगायचे. कुठली माहिती कुणी भरायची तेही तिथंच ठरायचं. बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसातून विचारणा आली तर उत्तर स्वतः द्यायचे. दुसऱ्या शाळेत तसलंच परिपत्रक रात्री उशिरा ग्रुपवर पडायचं, खाली एक ओळ: 'उद्या अकरापर्यंत माहिती द्या, नाहीतर मेमो.' सरकारी कन्नडशी झगडणारी, तात्पुरत्या नेमणुकीवरची अतिथी शिक्षिका मग रात्रभर याला-त्याला फोन करत बसायची आणि सकाळी तिचा सगळा वैताग पहिलीच्या पोरांवर निघायचा.

पण हेडमास्तरांना बोल लावून भागणार नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार पाचवीपर्यंतच्या शाळेत १५० हून अधिक मुलं असतील तरच स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो. सहावी ते आठवीसाठी हा आकडा १०० आहे. जांबोटी-कणकुंबीकडच्या वाड्यांवर एवढी मुलं आणायची कुठून? तिथं प्रभारीपद ज्येष्ठ शिक्षकाच्या गळ्यात पडतं. त्यानं आपले वर्गही घ्यायचे, अक्षर दासोह या दुपारच्या जेवणाच्या योजनेतल्या तांदळाचा, दूध-अंड्यांचा हिशेबही ठेवायचा, एसडीएमसीलाही (शाळा विकास आणि देखरेख समितीला) तोंड द्यायचं. त्याच कायद्याच्या कलम २७ नं जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक वगळता अशैक्षणिक कामांना मनाई केलीय. तरी २०२५ च्या दसऱ्यात राज्याच्या सामाजिक-शैक्षणिक सर्वेक्षणासाठी शिक्षकच दारोदार फिरले! असा पिचलेला माणूस सहकाऱ्यांना धीर कुठून देणार?

शिक्षण खात्याला माझी विनंती आहे. प्रभारी मुख्याध्यापकांचे तास कमी करून तिथं अतिथी शिक्षक द्या. हिशेबाच्या कामासाठी चार-पाच शाळा मिळून एक कारकून नेमा. मराठी शाळांना परिपत्रकं मराठीतूनही पाठवा. आणि मुख्याध्यापकांच्या प्रशिक्षणात, नवख्या शिक्षकाची चूक चारचौघांत न काढता त्याला कसं सांभाळून घ्यावं, यासाठी निदान एक दिवस राखून ठेवा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, खानापूर