स्टेटस टाकलं नाही म्हणून

ताई,

काल फोनवर तुझा आवाज पडलेला वाटला. आरक्षणावरून ग्रुपमध्ये वाजलं, तू काहीच लिहिलं नाही तर मैत्रिणी म्हणे "तू पण त्यांच्यातलीच", आणि इकडे तुझी आई म्हणते जाऊ दे ना, लोकांच्या भानगडीत कशाला पडायचं. मला दोन्ही पटत नाही बघ.

ज्यातलं आपल्याला धड कळत नाही त्यावर स्टेटस नाही टाकलं तर काही आभाळ कोसळत नाही. गप्प बसायचाही हक्क असतो, सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय. केरळातली तीन भावंडं शाळेत राष्ट्रगीताला मानाने उभी राहायची पण धर्मामुळे म्हणायची नाहीत, शाळेने काढून टाकलं, आणि 1986 मध्ये पोरं केस जिंकली. पण ती लपली नव्हती गं, सगळ्यांदेखत गप्प होती, शाळा गेली तरी.

आणि बोलायचंच तर आपले साने गुरुजी बघ, अमळनेरचे मास्तर. 1947 ला विठ्ठलाचं देऊळ सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून पंढरपूरला उपोषणाला बसले हे सगळ्यांना पाठ, त्याआधी कित्येक महिने महाराष्ट्रभर फिरून लोकांशी बोलले ते कोणी सांगत नाही.

आता गावातलं ऐक. ग्रामसभेत भिल्ल वस्तीच्या नळाचं काम मागे ढकलून चौकात पेव्हर ब्लॉक बसवायचा ठराव आला. ग्रामसेवकाने विचारलं, कोणाची हरकत? कोणी मोबाईलमध्ये, कोणी तंबाखू मळतंय. त्याने वहीत लिहायला घेतलं, "सर्वानुमते मंजूर". म्हणजे तोंड कोणी उघडलं नाही पण हो सगळ्यांचं लागलं! तेवढ्यात मागून एक म्हातारी उठली, "माले मान्य नई, आसं लिखा तठे." मग मी हात वर केला, अजून दोघांनी केला. ठराव काही पडला नाही, पडणार नव्हताच, पण "सर्वानुमते" खोडून "बहुमताने" लिहावं लागलं त्याला. सरपंच दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हते, चहाही एकट्याने घेतला बिचाऱ्यांनी.

तुझ्या ग्रुपमध्ये अशी वही नाही, तिथं तू गप्प राहिलीस तर कोणाचा नळ अडत नाही. पण मागे तू सहज बोलून गेलीस ना, तुमच्यातल्या एकीचं आडनाव ऐकल्यावर घरमालक एकदम रूम द्यायची नाही म्हणाला, तेव्हा तुम्ही चौघी समोर होतात. ग्रुपवर आता सगळ्यात तावातावाने लिहिणारी पण तिथंच होती. ती तेव्हा काय बोलली? आणि तू? ते सांग मला, रागावणार नाही. आणि त्या पोरीला मिळाली का रूम कुठे? नसेल तर माझ्या ओळखीचे एक जण कोथरूडला आहेत, आजच फोन लावतो त्यांना.

आप्पा