बाबा, फिजिओथेरपी मधेच सोडू नका

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, फोनवर तुम्ही "हो, करतो, करतो" म्हणता आणि विषय पावसावर नेता, म्हणून पत्र लिहायला बसले. शुगरने बधिर झालेल्या पायांसाठी तीन आठवडे फिजिओथेरपीला गेलात आणि "मुंग्या काही जात नाहीत, उगाच रिक्षाला पैसे" म्हणून बंद केलंत, हे आईकडून कळलं. वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर भीती वाटली.

गणपतीत मी आले होते तेव्हा ढोल्या गणपतीचं दर्शन घेऊन आपण घाटाच्या पायऱ्या उतरत होतो. तुमची डावी चप्पल वरच्याच पायरीवर राहिली आणि तुम्ही बोलत बोलत चार पायऱ्या खाली आलात, एका पायात चप्पल घालून. मी ती आणून दिली तर म्हणालात, "पट्टा सैल झालाय." पट्टा घट्ट होता, बाबा. मी बघितला. चप्पल निसटली हे पायालाच कळलं नव्हतं.

मग फिजिओथेरपीच्या मॅडमनी तपासलं तो दिवस आठवा. तुम्हाला डोळे मिटायला सांगितले आणि एक बारीक नायलॉनचा दोरा तळव्यावर टेकवत गेल्या. तो वाकला की बरोबर १० ग्रॅमचा दाब पडतो. त्यांनी अंगठ्याखाली टेकवला, चवड्यावर टेकवला, दोन्ही पायांना टेकवून झाला, आणि तुम्ही डोळे मिटूनच विचारलंत, "मॅडम, सुरू कधी करताय?" त्या काही बोलल्या नाहीत. मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

पायाच्या बोटांपर्यंत जाणाऱ्या नसा शरीरातल्या सगळ्यात लांब. शुगर वर्षानुवर्षं चढी राहिली की पहिला मार त्यांना बसतो. म्हणून बधिरपणा बोटांपासून सुरू होतो आणि मोजा चढवावा तसा वर सरकतो. मुंग्या, रात्रीची आग, चटके ही त्याची जाणवणारी बाजू. पण जी जाणवतच नाही ती बाजू मला जास्त धोक्याची वाटते.

तुम्ही एसटीत कंडक्टर होतात. लहानपणी सुट्टीत तुमच्या गाडीतून पसरणी घाटातून पाचगणीला जायचो, तेव्हा मी तुमच्याकडेच बघत बसायचे. गाडी वळणावर कलायची, लोक दांडा घट्ट धरायचे, आणि तुम्ही दोन सीटच्या मधे कशालाही न धरता उभे राहून तिकीट फाडायचात, सुट्टे पैसे मोजून द्यायचात. तो तोल तुमचे तळवे आणि घोटे सांभाळत होते. जमीन कुठे आहे, कुठे कलतेय, हे ते क्षणाक्षणाला वर कळवत होते. आता ती खबर नीट पोचत नाही, म्हणून ते काम डोळे करतात. डोळे मिटले की तोल जातो. सकाळी तोंडाला साबण लावताना तुम्ही बेसिनला डाव्या हाताने धरता ना? पूर्वी धरत नव्हता. रात्री अंधारात मोरीकडे जाताना भिंत चाचपत जाता, तेही याचमुळे.

म्हणून हे व्यायाम. मॅडमनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं की गेलेल्या नसा फिजिओथेरपीने नव्या होत नाहीत. मुंग्यांसाठी डॉक्टरांच्या गोळ्या आहेत, आणि शुगर ताब्यात ठेवणं तर आहेच. शुगरची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी ९.२ टक्के आली होती, ती उतरवावीच लागेल. व्यायामाचं काम वेगळं. पोटऱ्या आणि घोटे बळकट राहिले, जी काही जाणीव उरलीय तिचा उपयोग करायला शरीर शिकलं, तर पाय अडखळला तरी तुम्ही सावरता, पडत नाही. याला दोन-तीन महिने सलग द्यावे लागतात. तीन आठवड्यांत निकाल लावू नका.

खुर्चीवर बसून घोटे वर-खाली, पायाच्या बोटांनी नॅपकिन गोळा करणं, हाताचा आधार न घेता खुर्चीतून दहा वेळा उठणं. मग ओट्याला धरून टाचा उचलणं, एका पायावर उभं राहणं, फरशीच्या रेघेवरून टाचेला बोटं लावत चालणं. नॅपकिनचा प्रकार तुम्हाला पोरखेळ वाटतो. पण पावलातले बारीक स्नायू सुकले की बोटं आखडतात, सगळा भार चवड्यावर येतो, तिथे घट्टा पडतो आणि घट्ट्याखाली जखम होते. पोटरी भिंतीला टेकून ताणायची तीही त्यासाठीच, पोटरी आखडली की चवड्यावरचा दाब वाढतो. पायात चप्पल हवीच, आणि तीसुद्धा मागे पट्टा असलेली एमसीआरची, म्हणजे मऊ रबराची. इन्सुलिन घेता, म्हणून आधी शुगर तपासा, १०० च्या खाली असेल तर काहीतरी खाऊन मग सुरू करा. अंथरुणातून उठताना दोन मिनिटं पलंगाच्या कडेला बसा.

आई, आता तुझ्याशी. गरम पाण्याच्या पिशवीचं तू अजून मनातून काढलेलं नाहीस. बाबांचे पाय गार लागले म्हणून तू ती ठेवलीस, त्यांना चटका कळला नाही, आणि फोड भरायला पाच आठवडे लागले. बधिर पायाला शेक द्यायचा नसतो हे तोवर आपल्यापैकी कुणालाच कुणी सांगितलं नव्हतं. मीसुद्धा फोनवर "शेक दे" म्हटलं होतं. त्यामुळे दोष तुझा नाही. आता आंघोळीचं पाणी तुझ्या हाताने बघून दे, त्यांच्या पायाने नको. काशाच्या वाटीने तळवे घासून त्यांना बरं वाटत असेल तर हलक्या हाताने घास, पण आधी उजेडात दोन्ही तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघ. भेग, फोड, लाली दिसली तर वाटी बाजूला ठेव आणि डॉक्टरांकडे जा. बेचक्यात तेल राहू देऊ नकोस. आणि डॉक्टरांना व्हिटॅमिन बी-१२ तपासायचं का विचार. शुगरची मेटफॉर्मिन गोळी इतकी वर्षं चालू असली की ते कमी होऊ शकतं, आणि त्यानेही मुंग्या वाढतात.

बाबा, रिक्षाच्या पैशांचं मनावर घेऊ नका, ते मी पाठवते. आठवड्यातून दोनदा मॅडमकडे, बाकीचे दिवस घरी. रविवारी सकाळी आठला मी व्हिडिओ कॉल लावते. तुम्ही ओट्याला धरून उभे राहा, मी मोजते.

तुमची,
ताई

ता. क. बेसिनजवळ आणि मोरीत धरायला दांडा बसवायला गवंड्याला सांगितलंय, मंगळवारी येईल. पॅसेजमधला छोटा दिवा रात्रभर चालू ठेवा, बिलाची काळजी करू नका.