मांजर घरातच ठेवा हो, बाहेर सोडू नका

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्याकडे एका वाचकांचं पत्र आलं होतं, की मांजर हे मोकळं फिरणारं जनावर आहे आणि त्याला फ्लॅटमध्ये कोंडणं म्हणजे जुलूम. ते वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जातच नाहीये, कारण चार वर्षांपूर्वीपर्यंत मीही अगदी हेच म्हणायचे.

माझं आजोळ गुहागरकडचं. तिथे मांजरं कुणी पाळली नाहीत, ती असायचीच. गोठ्यात, पडवीत, चुलीजवळच्या राखेत. आजी मासे साफ करायला बसली की चार-पाच जण येऊन बसायची, रात्री कुठे जातात ते कुणी बघायचं नाही. त्यामुळे मांजर म्हटलं की दार उघडंच ठेवायचं असं मनात पक्कं बसलेलं. पण आता आठवायला बसले तर त्यातलं एकही मांजर म्हातारं झालेलं मला आठवत नाही. एकाला बिबट्याने नेलं, एक विहिरीत पडलं, एकाला फुरसं चावलं असं सगळे म्हणाले, बाकीची नुसती दिसेनाशी झाली, आणि दरवर्षी नवीन पिल्लं यायची म्हणून कोण गेलं ते जाणवलंच नाही.

डोंबिवलीत आम्ही तळमजल्यावर राहतो. आमची चिंगी सकाळ-संध्याकाळ खिडकीतून जायची आणि जेवायला बरोब्बर परत यायची, तीन वर्षं काही झालं नाही. मग एका शुक्रवारी ती जेवली नाही, कपाटाखाली जाऊन बसली, मला वाटलं उकाड्याने असेल. रविवारी तोंड उघडून बघितलं तर एरवी गुलाबी असणाऱ्या हिरड्या पांढऱ्याफटक, आणि नाकाच्या टोकाशी रक्ताचा एक थेंब, पुसला की परत येत होता. डॉक्टर म्हणाले उंदराचं औषध. ते केक मिळतात ना, त्याने रक्त गोठायचं थांबतं आणि परिणाम दिसायला तीन-चार दिवस जातात, आणि मांजराने स्वतः केक खायलाच हवा असंही नाही, विष खाऊन सुस्तावलेला उंदीर धरून खाल्ला तरी बाधतं. व्हिटॅमिन केची इंजेक्शनं दिली पण उशीर झाला होता. सोमवारी पहाटे ती गेली. औषध ठेवणाऱ्याला मी काय बोलणार, उंदीर त्यांच्याही घरात होतेच. खिडकी मी उघडी ठेवली होती.

आणि विष ही एकच गोष्ट नाही. रस्ता आहे, कुत्री आहेत, बोक्यांची भांडणं होऊन गळू होतात, पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या साथीच्या रोगाने तर पिल्लं दोन दिवसांत जातात आणि त्याचा व्हायरस आवारात महिनोन्‌महिने टिकतो, आपल्या चपलेला लागून घरातही येतो, म्हणून घरातल्या मांजरालासुद्धा लस द्यायचीच. पक्ष्यांचंही बघा. बुलबुलाची पिल्लं घरट्यातून उतरली की पहिले काही दिवस त्यांना नीट उडता येत नाही, झुडपातच फडफडत असतात. आमच्या कंपाउंडमधली त्या वर्षीची दोन्ही पिल्लं चिंगीनेच आणून पायपुसण्यावर ठेवली होती, पोट भरलेलं असताना.

आता ठमी आहे, ती घरातच असते. सोपं नव्हतं, महिनाभर पहाटे चारला दाराशी बसून ओरडायची आणि माझाही जीव खालीवर व्हायचा. मांजर कंटाळतं हे त्या वाचकांचं म्हणणं खरंच आहे, नुसतं दार लावून मोकळं झालं तर ते जुलूमच. मग आम्ही गॅलरीला जाळी मारून घेतली, कबुतरांसाठी मारतात तसली नायलॉनची नाही, ती कुरतडते, तारेची घेतली. आत दोन उंचींवर फळ्या ठोकल्या, कुंडीत गवत लावलं. संध्याकाळी जेवण द्यायच्या आधी पंधरा मिनिटं दोरीला पीस बांधून पळवायचं, पकडू द्यायचं आणि लगेच वाटी पुढे करायची, शिकार झाली, पोट भरलं, मग ती अंग चाटून झोपते. पहाटेचं ओरडणं यानेच थांबलं.

माझी भाची ऑस्ट्रेलियात कॅनबेराला असते. तिकडे १ जुलै २०२२ ला किंवा त्यानंतर जन्मलेलं मांजर घरात किंवा बंदिस्त अंगणातच ठेवायचं असा कायदाच आहे, बाहेर न्यायचं तर पट्टा लावून. आपल्याकडे लगेच कायदा करा असं मी म्हणत नाही, पण ज्यांना सोडायचंच आहे त्यांनी निदान नसबंदीचं ऑपरेशन तरी करून घ्या. मादी चार-पाच महिन्यांची झाली की माजावर येते आणि नऊ आठवड्यांत पिल्लं होतात, आणि मग तीच पिल्लं पिशवीत घालून मच्छी मार्केटला सोडली जातात. पाळलेलं जनावर असं टाकून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, हे आमच्या सोसायटीत निम्म्या लोकांना माहीतही नव्हतं.

रस्त्यावर जन्मून मोठी झालेली मांजरं वेगळी, त्यांना धरून कोंडू नका, ती बिचारी घाबरून जेवतसुद्धा नाहीत. आणि पावसाळा लागलाय तर सगळ्या गाडीवाल्यांना एक विनंती छापा, सकाळी गाडी चालू करायच्या आधी बॉनेटवर दोन थापा मारा आणि थोडं थांबा, इंजिनच्या उबेला पिल्लं आत जाऊन झोपतात.

आपली,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)